अनू धाकटी, रेनू थोरली

ढोके सर वस्तूचं नाव आधी सांगत नसत. हा त्यांचा नियम होता, आणि त्याचा त्रास विज्ञान न शिकणाऱ्यांनाही होई. शिक्षकखोलीत ते डबा उघडत, कुणी "आज काय आणलंत?" म्हणून विचारलं की "पाहा" म्हणून डबाच पुढे सरकवत. भाजी पालकाची की चाकवताची, ते खाऊन ओळखायचं. भूक लागल्यावर मला असल्या परीक्षा आवडत नाहीत, त्यामुळे मी पुन्हा कधी विचारलं नाही.

मी मराठी शिकवते, म्हणजे माझा सगळा संसार नावांवर चालतो. आमची शाळा पूर्व नागपुरात, दाट वस्तीत आहे. माझा वर्ग आणि प्रयोगशाळा यांच्यामधली भिंत छतापर्यंत पोचत नाही. ती अशी अर्धवट का ठेवली, हे आता कुणालाच आठवत नाही. या भिंतीच्या कृपेने वर्षानुवर्षं मी त्यांचा आठवीचा तास ऐकत आले. त्यांनीही माझ्या कविता ऐकल्याच असतील, पण त्याबद्दल ते कधी एका अक्षराने बोलले नाहीत.

तास सुरू व्हायचा तो वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवलेल्या निळ्या खड्यांनी. पोरं विचारीत, "सर, हे काय हाय?"

"तुमीच सांगा. पाहा, हलवा, पान्यात टाका. पन तोंडात कोनी घालाचं नाही, विष हाय. अन् मंग हात धुवाचे."

कुणी म्हणे निळी खडीसाखर, कुणी म्हणे काच. एखाद्याच्या मामाची काटोलकडे संत्र्याची बाग असे, तो ओरडे, "मोरचूद!"

"बरोबर. पन हे तुह्या मामाकडचं नाव झालं. पुढं?"

मग निळ्या पाण्यात दोऱ्याने बांधलेला लोखंडी खिळा सोडायचा आणि वाट पाहायची. वाट पाहणं हा सरांच्या शिकवण्याचा मोठा भाग होता. त्या वेळात ते चष्म्यावर हाः करून काचा पुसत. शेवटी एखादी मुलगी ओरडे, "सर, खिळा गंजला!"

"गंज हाय? घासून पाहा."

"तांब्यासारखं दिसून राहिलं."

"सारखं काहून म्हनते? तांबं हाय त तांबं म्हन."

"पन सर, खिळा त लोखंडाचा होता!"

इथून गलका सुरू होई. लोखंड गेलं कुठे, तांबं आलं कुठून, पाणी फिकं का पडलं. इकडे माझ्या वर्गातली पोरंही पुस्तकं खाली ठेवून भिंतीकडे कान लावत, आणि मी कितीही खेकसले तरी उपयोग होत नसे. गलका टिपेला पोचला की कुणीतरी हमखास विचारी, "सर, याले म्हनते काय?" तेव्हा कुठे खडूचा आवाज येई. फळ्यावर 'विस्थापन अभिक्रिया' हे शब्द उमटेपर्यंत तास संपलेला असे. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दर सत्रात त्यांना बोलावून समज देत. सर ऐकून घेत आणि पुढच्या तासाला पुन्हा खडे घेऊन जात.

त्यांच्या खिशात चुन्याची डबी असे. नागपुरात माणसाच्या खिशात चुना म्हणजे तो तंबाखूचा खर्रा खातो, याला पुराव्याची गरज नसते. एका नव्या मॅडमनी तर त्यांची तक्रारही केली होती. सरांनी त्यांना प्रयोगशाळेत नेलं, चुना पाण्यात ढवळून निवळू दिला, वरचं निवळ पाणी परीक्षानळीत घेतलं आणि हातात एक नळी देऊन म्हणाले, "फुंका." बाई फुंकत गेल्या, पाणी दुधासारखं होत गेलं, आणि तक्रार तिथेच विरघळली. एका शब्दानेही त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. मला विचाराल तर हा साधेपणा नव्हता, गुर्मीच होती. ते कुणाचं कौतुकही करीत नसत. एका पालकाने मोठ्या आशेने विचारलं होतं, "सर, आमचा पोरगा कसा काय हाय?" तर म्हणाले, "जिवंत हाय." पोरगा त्या वर्षी विज्ञानात पहिला होता.

सर मूळचे सौंसरकडचे, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातले. सौंसर नागपूरहून फार लांब नाही, पण मध्ये राज्याची हद्द आहे, पलीकडे मध्य प्रदेश. तिकडे घरात मराठी आणि शाळेत हिंदी, असं त्यांचं बालपण गेलं. याचा परिणाम त्यांना इथे नोकरीला लागल्यावर कळला. हिंदीत सगळ्यात लहान कणाला परमाणु म्हणतात, आणि परमाणु जोडले गेले की त्याचा अणु होतो. मराठीत सगळ्यात लहान तो अणू, आणि अणू जोडले गेले की रेणू. म्हणजे अणू दोन्हीकडे आहे, फक्त हद्द ओलांडली की तो लहान होतो. हे सरांना कुणी सांगितलं नाही. पुस्तकात रेणू दिसला तेव्हा त्यांना वाटलं, अणूचंच दुसरं नाव असेल. तसेही ते पुस्तकावर फार विसंबणारे नव्हते. मराठी घरचीच आहे, तिला काय विचारायचं, असं त्यांना वाटलं असणार.

पहिल्या वर्षी त्यांनी अख्ख्या आठवीला शिकवलं, की पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू असतात. सहामाहीचे पेपर दुसऱ्या शिक्षकांनी तपासले आणि गुण धडाधड कापले. गंमत म्हणजे सगळी पोरं एकसारखी चुकली होती. कुणालाही शंका आली नव्हती, इतकं त्यांना ते नीट समजलं होतं.

दुसरा कुणी असता तर वर्गात दोन वाक्यांत दुरुस्ती करून मोकळा झाला असता. सरांनी सायकल काढली आणि संध्याकाळी घरोघर हिंडून चूक सांगायला सुरुवात केली. आता इथे एक खुलासा करायला हवा. सरांच्या तोंडात ण नव्हता. त्यांचा अणू हा अनू होता आणि रेणू रेनू. मी माझ्या तासाला पोरांकडून ण घोटून घ्यायची आणि भिंतीपलीकडे गेला की त्याचा पुन्हा न व्हायचा.

गोळीबार चौकाच्या मागे विणकरांच्या गल्लीत एका पोराच्या घरी सर गेले तेव्हा दार आजीने उघडलं. दोन मिनिटांत संपायची गोष्ट कशी वाढली ते मला त्या पोरानेच दुसऱ्या दिवशी साभिनय सांगितलं.

"आजी, शाळेतून आलो. माह्याच्यानं सांगन्यात उलटसुलट झालं," सर म्हणाले. "लहान थे अनू. अन् मोठं थे रेनू."

"कोनाच्या पोरी म्हना ह्या?"

"पोरी नाही आजी. हे सगळीकडेच असते. तुमच्या घरात बी हाय."

"आमच्या घरात कोनी अनू नाही. आमची एकच नात, तिचं नाव सुमन." आजींनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "अन् नातू आत्ताशीक आठवीत हाय. त्याच्या लग्नाचं कायले काढता जी तुमी? तेबी एकाच्या जागी दोन-दोन?"

पोरगा आत पोट धरून हसत होता. दुसऱ्या दिवशी शाळाभर एकच घोष झाला: अनू धाकटी, रेनू थोरली. अनू एकटी हिंडते, दोघीतिघी जमल्या की त्यांची रेनू होते. सर संतापतील असं आम्हाला वाटलं होतं, पण त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्यानंतर आमच्या शाळेतला एकही विद्यार्थी त्या शब्दांत चुकलेला मला आठवत नाही. ण मात्र कायमचा गेला.

नाव सगळ्यात शेवटी सांगायचा नियम तिथूनच सुरू झाला असावा. हा माझा कयास; ते स्वतः असलं काही बोलणाऱ्यातले नव्हते.

मग सेमी आलं. सेमी म्हणजे भाषा, इतिहास मराठीत आणि गणित, विज्ञान इंग्रजीत. संस्थेने आठवीपासून सेमीचे वर्ग काढले आणि मराठीतून विज्ञान शिकणाऱ्यांची एक तुकडी तेवढी ठेवली. पालकांनी भराभरा मुलं तिकडे वळवली. मला फार राग आला होता. शिक्षकखोलीत मी तावातावाने बोलले, मोठ्या मॅडमकडे सगळ्यांनी मिळून जायचं ठरवलं आणि धरून चालले की ढोके सर सगळ्यांत पुढे असतील, कारण त्यांचंच सगळ्यात जास्त जाणार होतं.

ते परीक्षानळ्या धूत होते. नळ्या ते शिपायाला कधी धुऊ देत नसत. म्हणाले, "मी नाही येत, मॅडम."

"का बरं?"

"इंग्रजीत बरं हाय. ॲटम हद्द ओलांडला तरी ॲटमच राह्यते."

मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

मराठी तुकडी दर वर्षी आटत गेली. गेल्या वर्षी ती अशा टोकाला आली की मोठ्या मॅडमनी सरांना बोलावून स्पष्टच सांगितलं, मी तिथेच होते. आता एक जरी मूल गेलं तरी पटसंख्या कमी पडेल आणि तुकडी बंद होईल. तुकडी बंद झाली की सर अतिरिक्त ठरतील. हा शब्द शिक्षकांना आजाराच्या नावासारखा वाटतो. संस्थेची भिवापूरला शाळा आहे, तिथली विज्ञानाची जागा रिकामी आहे, तिथे जावं लागेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. भिवापूर म्हणजे उमरेडच्याही पुढे, एसटीने जाऊन-येऊन दिवस संपतो. आमची शाळा सकाळची. दुपारी एकच्या आत सर घरी पोचत आणि बायकोला गरम जेवण करून वाढत. त्यांच्या बायकोला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. धंतोलीतले सगळे डॉक्टर करून झाले होते. हे मला त्यांच्या शेजारणीकडून कळलं होतं, मोठ्या मॅडमना ठाऊक नव्हतं, आणि सरांनी त्या दिवशीही सांगितलं नाही. "बरं," म्हणाले आणि उठले.

त्याच तुकडीत दुर्गा सोनकुसरे होती. वडील कूलरच्या दुकानात जाळ्या बसवायचं काम करीत. त्यांचे वडील उमरेडला मागावर बसत. काळी, किडकिडीत, सतत डावा पाय हलवणारी मुलगी. खिळ्याच्या तासाला "गंज नाही, पुसल्या जात नाही" असं पहिल्यांदा म्हणाली ती हीच. दिवाळीनंतर एके दिवशी मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. मी आत चहाचा कप घेऊन बसले होते.

"सर, मले सेमीत जाचं हाय."

सर नळी उजेडात धरून पाहत होते. "काहून?"

"माह्या सगळ्या मैत्रिनी तिकडे गेल्या. अन् मले पुढं फार्मसी कराची हाय. बाबा म्हनते, फार्मसी इंग्रजीतच राह्यते." तिचा पाय थांबला. "पन राऊत मॅडम तोंडी परीक्षा घेनार हाय म्हने. मले त काहीच येत नाही इंग्रजीत."

राऊत मॅडम म्हणजे सेमीला विज्ञान शिकवणाऱ्या तरुण बाई. वर्षाच्या मध्ये यायचं तर आधी तोंडी परीक्षा, असा त्यांचा शिरस्ता होता, आणि तो काही गैर नव्हता.

"उद्यापासून शाळा सुटल्यावर थांबजो," सर म्हणाले.

ती गेल्यावर मी कप खाली ठेवला. "सर, ही गेली तर तुकडी गेली. तिला जरा समजावा. दोनच वर्षांचा प्रश्न आहे."

"काय समजावू? माह्यासाठी थांब म्हनू?"

"अर्ध्या वर्षात इंग्रजीत गेली तर गटांगळ्या खाईल. तिच्याच भल्याचं सांगते आहे मी."

"गटांगळ्या मी खाल्ल्या हाय, मॅडम," ते म्हणाले. "हद्दीवर मले कोनी सांगनारं नव्हतं. हिले सांगनारा हाय."

मी कप उचलून वर्गावर गेले.

शाळा सुटल्यावर भिंतीपलीकडून दोघांचे आवाज येऊ लागले. सर घरी उशिरा जाऊ लागले, शेजारीण दुपारी त्यांच्या घरी डोकावू लागली. मला वाटलं होतं ते दुर्गाकडून इंग्रजी व्याख्या पाठ करून घेतील. त्यांनी उलट सुरुवात केली. "वस्तू तुही हाय, तुले ठाऊक हाय," ते तिला म्हणाले. "आता फक्त नाव बदलाचं. पन सांभाळजो. जे शब्द नवे हाय त्याची भीती नाही. जे ओळखीचे वाटते ना, थे फसवते."

आणि मग त्यांनी एकेक ओळखीचा शब्द पुढे ठेवायला सुरुवात केली. रिॲक्शन म्हनजे काय गं? दुर्गा म्हणाली, अंगावर पुरळ येते थे. तिच्या आजीला धंतोलीत इंजेक्शन दिलं तेव्हा रिॲक्शन आली होती, डॉक्टर धावत आले होते. सर हसले नाहीत. "थे बी खरं. पन इथं रिॲक्शन म्हनजे आपला खिळा." सोल्यूशन? पंक्चर चिकटवते थे. "इथं सोल्यूशन म्हनजे निळं पानी. मोरचूद दिसत नाही, पन हाय." सॉल्ट? मीठ. "मीठ बी सॉल्ट, अन् मोरचूद बी सॉल्टच. जेवनात टाकशीन त मरशीन." भिंतीच्या अलीकडे वह्या तपासत बसलेली मी हसले, आणि मग माझ्याच लक्षात आलं की आपण रोज बोलतो त्या मराठीत किती इंग्रजी शब्द दुसऱ्याच अर्थाने घर करून बसले आहेत. इतकी वर्षं भाषा शिकवून हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

उच्चार मात्र त्यांना येत नसत. ते माझ्याकडे येऊन उभे राहत. "मॅडम, हे कसं म्हनते?" कागदावर इंग्रजीत मॉलिक्यूल लिहिलेलं. मी सांगायची. ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणत आणि परत जात. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, तुम्ही स्वतःच्या हातांनी तुमची तुकडी बंद करता आहात." ते म्हणाले, "मॉलिक्यूलमंधला क्यू लांब की आखूड?" मी सांगितलं, लांब.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला तो माणूस पहिल्यांदा आवडू लागला, आणि त्याचा मला रागही येत होता. एवढं सगळं करून एकदा तरी कुरकुर करायला काय हरकत होती? निदान बायकोचं कारण सांगून संस्थेकडे सवलत मागायला काय हरकत होती? मी ते मोठ्या मॅडमच्या कानावर घातलं. त्या हळहळल्या आणि म्हणाल्या, पटसंख्येला कारणं कळत नाहीत.

तोंडी परीक्षा जानेवारीत, एका शनिवारी झाली. राऊत मॅडम, मोठ्या मॅडम आणि भाषेच्या बाजूने मी. दुर्गाने वेणी इतकी घट्ट घातली होती की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. राऊत मॅडमनी इंग्रजीतून विचारलं, रिॲक्शन म्हणजे काय? दुर्गाचा पाय जोरात हलू लागला. मग ती तुटक इंग्रजीत म्हणाली, आधी खिळा लोखंड, नंतर लाल, घासलं तरी जात नाही, पाणी आधी जास्त निळं, नंतर कमी. काळ, वचन, सगळं चुकलं होतं. राऊत मॅडमनी पुढे विचारलं, आणि ॲटम? मॉलिक्यूल? दुर्गाने टेबलावर एक बोट ठेवलं, "ॲटम." शेजारी आणखी दोन बोटं आणून चिकटवली, "मॉलिक्यूल." राऊत मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. "घेऊ या," त्या म्हणाल्या, आणि मोठ्या मॅडमनी सही केली. एवढ्यातच सगळं आटोपलं. दुर्गाला आनंदाने नीट उठताही येईना, खुर्ची पाडून ती बाहेर पळाली. मैत्रिणी फाटकाशी थांबल्या होत्या.

मी बाहेर आले तेव्हा सर व्हरांड्यात उभे होते. शनिवारी शाळा लवकर सुटते, व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. समोरून धावत गेलेल्या मुलीकडे पाहून त्यांना काय ते कळलंच असणार, तरी त्यांनी विचारलं, "कोनत्या शब्दाले अडली?"

"कुठल्याच नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. चष्मा काढला, त्यावर हाः केलं आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिले. मला त्यांना काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. इतकी वर्षं शब्दांवर पोट भरते, आणि म्हटलं ते एवढंच, "खुर्ची पाडून गेली." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"भिवापूरची पहिली बस किती वाजता सुटते, मॅडम?" ते म्हणाले. "घरी हिच्या भाकरी करून निघता येईन काय, थे पाहा लागन."